साखळीचक्र, निमुळत्या बुशाचे

यंत्रातील एका दंडाची फिरती गती व शक्ती पोलादी साखळीच्या द्वारे दुसऱ्या दंडाकडे नेताना दोन्ही दंडांवर जी दातेरी चाके बसवितात त्यांना साखळीचक्रे म्हणतात. कारखान्यांतील बोलीत त्यांचे स्प्रॉकेट हेच नाव रूढ आहे. चक्राच्या तुंब्यात सरळ भोकाऐवजी शंकूच्या आकाराचे भोक करून त्यात तसाच निमुळता आणि लांबीच्या दिशेने एका बाजूस चिरलेला बुश बसविला, म्हणजे ते निमुळत्या बुशाचे साखळीचक्र होते. स्क्रू आवळले की बुश तुंब्यात पाचरीसारखा ओढला जातो, त्याची चीर मिटू लागते आणि तो दंडास सर्व बाजूंनी आवळून धरतो. या बुशाचे टेपर-लॉक हे नाव मुळात व्यापारी असून अमेरिकेतील डॉज व ब्रिटनमधील फेनर या कंपन्यांच्या मालामुळे ते सर्वत्र रूढ झाले आहे.

साखळी चालन बिघडले म्हणजे दोष बहुधा साखळीला दिला जातो. तथापि साखळी वेडीवाकडी झिजण्याचे, धारवे तापण्याचे आणि तुंबा तडकण्याचे मूळ पुष्कळदा चक्र व दंड यांच्या सांध्यातच असते. हा सांधा जोराने ठोकून घट्ट होत नाही. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागांवरील घर्षण आणि मोजून दिलेली आवळणी यांवर तो उभा असतो. चक्राची निवड आणि जोडणी यांतील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

इतिहास : साखळीने गती नेण्याची कल्पना जुनी असून लिओनार्दो दा व्हींची यांच्या टिपणवह्यांत साखळ्यांची रेखाटने आढळतात. आजच्या रूळ-साखळीचा पाया मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घातला गेला. जेम्स स्लेटर यांनी १८६४ मध्ये रूळ असलेल्या साखळीचे एकस्व मिळविले. पुढे मँचेस्टर येथील हान्स रेनल्ड यांनी १८८० मध्ये कडीच्या पट्ट्या व खीळ यांच्या दरम्यान बुश घालून तीत मोलाची सुधारणा केली. या बुशामुळे खिळीवरील दाब अधिक मोठ्या क्षेत्रावर विभागला गेला व झीज पुष्कळ कमी झाली.

त्याच सुमारास नागपूरमध्ये यंत्रयुगास आरंभ झाला होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या कापडगिरण्यांत एका मोठ्या वाफेच्या एंजिनाची शक्ती दोर, पट्टे व छताखालून गेलेले लांब दंड यांच्या द्वारे शेकडो यंत्रांना पुरविली जाई. दंडांवरील कप्प्या निमुळत्या चाव्या ठोकून बसवीत. अशी चावी एकाच बाजूने दाब देते. त्यामुळे कप्पी दंडाच्या मध्यापासून किंचित सरकते. शिवाय वर्षानुवर्षे गंजलेली कप्पी उतरविताना घण, छिन्नी व प्रसंगी ज्योत वापरावी लागे. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र विद्युत् चलित्र जोडण्याची पद्धत आल्यावर लांब दंड गेले, परंतु चाके वारंवार काढण्या-घालण्याची गरज वाढली. निमुळता बुश विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आला तो ही गरज भागविण्यासाठी.

नागपूर परिसरात १९६० नंतर वाढलेल्या उद्योगांत साखळी चालनास भरपूर वाव मिळाला. हिंगणा व नंतर बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहती, कामठी, सिल्लेवाडा, सावनेर व उमरेड या भागांतील कोळशाच्या खाणी, १९७४ पासून वीजनिर्मिती करणारे कोराडीचे व त्यानंतरचे खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्र, मँगॅनीजच्या खाणी, सरकी काढण्याचे कारखाने, भंडारा-गोंदियाकडील भातगिरण्या आणि संत्र्यांची प्रतवारी करणारी केंद्रे ही या भागाची औद्योगिक ओळख होय. अशा ठिकाणी वेग कमी, पीळ जास्त व धूळ विपुल असते. तेथे पट्टा घसरतो आणि दंतचक्रे महाग पडतात. म्हणून बादली-उत्थापक, पोषक यंत्रे, चाळण्या, रूळमार्ग व लहान पट्टावाहक यांना साखळी सोयीची ठरते.

या भागात निमुळत्या बुशाचा आणखी एक उपयोग झाला. जुन्या ब्रिटिश यंत्रांचे दंड इंचांतील मापांचे, तर १९५६ च्या वजने व मापे अधिनियमानंतर देशात क्रमाक्रमाने रुळलेल्या मेट्रिक पद्धतीतील यंत्रांचे दंड मिमी. मध्ये असत. एकाच चक्रात इंची किंवा मेट्रिक भोकाचा बुश बसविता येत असल्याने दोन्ही प्रकारच्या यंत्रांसाठी चक्रांचा एकच साठा पुरे. पूर्वी ‘कच्च्या’ भोकाचे चक्र आणून ते लेथवर कातून घेण्यात व खाच पाडण्यात एखादा दिवस जाई, आणि कातताना भोक जरा तिरके गेले तर चक्र आयुष्यभर डुलत राही.

रचना : बुशाच्या शंकूचा एकूण कोन ८° असतो, म्हणजे अक्षाशी प्रत्येक बाजूस ४° उतार येतो. बुश व तुंबा यांच्या सीमारेषेवर अक्षाला समांतर अशी भोके असून प्रत्येक भोकाचा निम्मा भाग बुशात व निम्मा तुंब्यात असतो. या अर्ध्या भोकांतच सर्व युक्ती साठविलेली आहे. आवळण्याच्या भोकांत आटे फक्त तुंब्याच्या अर्ध्या भागात असतात. बुशाचा अर्धा भाग गुळगुळीत असून त्याचा तळ बंद असतो. स्क्रू तुंब्याच्या आट्यांत पुढे सरकतो व त्याचे टोक बुशाच्या तळाला टेकून बुशास आत रेटते. काढण्याच्या भोकात नेमके उलट असते : आटे बुशात व बंद तळ तुंब्यात. तेथे स्क्रू घातल्यास तो तुंब्याला रेटून बुशास बाहेर ओढतो. लहान बुशांत आवळण्याची दोन व काढण्याचे एक, तर ३५२५ क्रमांकापासून पुढच्या मोठ्या बुशांत आवळण्याची तीन व काढण्याची दोन भोके असतात. लहान बुशांतील स्क्रू बिनडोक्याचे असून ते षट्कोनी ॲलन पान्याने फिरवितात.

काढण्याचे भोक का लागते, हे ४° च्या उतारावरून समजते. कोरड्या लोखंडी पृष्ठभागांचा घर्षण गुणांक सु. ०·१५ धरल्यास घर्षण कोन साधारण ८·५° येतो. उतार याहून लहान असल्यामुळे एकदा आवळलेली पाचर स्क्रू काढून घेतले तरी आपोआप सुटत नाही. धक्क्यांच्या भाराखाली हाच गुण उपयोगी पडतो.

बुशाचा क्रमांक चार अंकी असतो व तो मुळात इंचांवरून ठरला आहे. पहिले दोन अंक बुशात करता येणाऱ्या सर्वांत मोठ्या भोकाचा व्यास इंचाच्या दशांशांत दर्शवितात, शेवटचे दोन बुशाची लांबी दाखवितात. उदा., २०१२ क्रमांकाच्या बुशात सु. २ इंच म्हणजे ५० मिमी. पर्यंतचा दंड बसतो व त्याची लांबी सव्वा इंच असते. बुशांचा बाहेरील मोठा व्यास १६१० चा ५७ मिमी., २०१२ चा ७० मिमी., २५१७ चा ८५·५ मिमी. आणि ३०२० चा १०८ मिमी. असतो. चक्र निवडताना हे आकडे हाताशी असणे आवश्यक आहे.

निवड : पुष्कळदा दंडाचा व्यास मोजून त्यावर बसेल ते चक्र घेतात. हा क्रम उलटा आहे. प्रथम शक्ती व वेग यांवरून साखळी, मग दातांची संख्या, त्यानंतर बुश आणि शेवटी दंडाचा व्यास त्या बुशात मावतो की नाही, असा क्रम धरावा. न मावल्यास दात वाढवावे लागतात.

साखळीचे मुख्य माप म्हणजे अंतराल, अर्थात दोन लगतच्या रुळांच्या मध्यांतील अंतर. कारागीर यास पिच म्हणतात. भारतात रूळ-साखळ्या व त्यांची चक्रे यांसाठी आयएस २४०३ हे मानक असून आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६०६ आहे. आयएसओ मानकात ब्रिटिश व अमेरिकन अशा दोन मालिका आहेत. दोहोंत अंतराल सारखे असले तरी रुळाचा व्यास व रुंदी अनेक मापांत वेगळी असते. त्यामुळे एका मालिकेची साखळी दुसऱ्या मालिकेच्या चक्रावर वरवर पाहता बसलेली दिसते, पण दातांच्या मुळाशी नीट टेकत नाही. सुटे भाग दोन निरनिराळ्या दुकानांतून आणले की ही चूक हमखास घडते.

दातांची संख्या कमी ठेवल्यास चक्र लहान व स्वस्त होते. मात्र साखळी चक्रावर वर्तुळाप्रमाणे नव्हे तर बहुभुजाकृतीप्रमाणे गुंडाळली जाते, म्हणून चक्र समान वेगाने फिरले तरी साखळीचा वेग प्रत्येक दातागणिक कमीजास्त होतो. हा फरक ११ दातांच्या चक्रात सु. ४ टक्के, १७ दातांच्या चक्रात सु. १·७ टक्के व २५ दातांच्या चक्रात ०·८ टक्क्याहून कमी असतो. म्हणून लहान चक्राला किमान १७ आणि शक्यतो १९ किंवा अधिक दात असावेत. दात विषम संख्येचे व कड्या सम संख्येच्या ठेवल्यास तीच कडी त्याच दातावर वारंवार येत नाही आणि झीज सर्वत्र सारखी होते. कड्या विषम झाल्यास एक वाकडी जोडकडी घालावी लागते व ती साखळीतील दुबळी जागा ठरते.

उदाहरणादाखल कोळशाचा एक लहान पट्टावाहक घेऊ. चलित्र ३·७ किवॉ. (५ अश्वशक्ती) व दर मिनिटास १,४४० फेऱ्यांचे आहे. गिअर पेटीतून वेग पंधरापट कमी होऊन दर मिनिटास ९६ फेरे मिळतात आणि वाहकाच्या दंडास ४८ फेरे हवे आहेत. कोळशाचे ढेकूळ अधूनमधून अडकत असल्याने भार मध्यम धक्क्यांचा समजून सेवा गुणक १·४ घेतला, तर साखळी ५·२ किवॉ. साठी निवडावी लागेल. २५·४ मिमी. अंतरालाच्या एकपदरी साखळीची क्षमता सर्वसाधारण सूत्रानुसार १९ दात व ९६ फेरे असताना सु. ४·४ किवॉ. येते, ती अपुरी आहे. अशा वेळी मोठ्या अंतरालाची किंवा दुपदरी साखळी घेण्याकडे कल असतो. (दुपदरी साखळी दुप्पट नव्हे, तर सु. १·७ पट शक्ती नेते, कारण दोन्ही पदरांवर भार समान पडत नाही.) परंतु लहान चक्राचे दात २३ केले की त्याच साखळीची क्षमता सु. ५·४ किवॉ. होते व काम भागते. दुसरे चक्र अर्थातच ४६ दातांचे येईल.

२३ दातांच्या चक्राचा अंतराल-व्यास १८६·५ मिमी. असतो. ३·७ किवॉ. व ९६ फेरे यांवरून पीळ सु. ३६८ न्यूटन-मीटर आणि साखळीतील ओढ सु. ३·९ किलोन्यूटन येते. या मापाच्या ब्रिटिश मालिकेतील साखळीचे किमान तुटबल ६० किलोन्यूटन आहे. ओढीच्या पंधरापट हे प्रमाण उधळपट्टीचे वाटेल, पण साखळी एका झटक्याने क्वचितच तुटते. ती लक्षावधी वेळा ताणली-सैल होऊन शिणते व झिजते, आणि क्षमतेचे तक्ते हा शीण व झीज धरून केलेले असतात. दोन दंडांतील अंतर अंतरालाच्या ३० ते ५० पट ठेवण्याचा प्रघात आहे. येथे ४० पट, म्हणजे १,०१६ मिमी. धरल्यास कड्यांची संख्या ११४·८ येते. ती ११६ घ्यावी व दंडांतील अंतर सु. १५ मिमी. वाढवावे.

आता बुश. गिअर पेटीचा दंड ५० मिमी. व्यासाचा असेल तर २०१२ क्रमांकाच्या बुशात तो कसाबसा मावेल. परंतु बुशाच्या कमाल भोकापर्यंत जाण्याऐवजी २५१७ घेणे इष्ट. वाहकाच्या दंडावर वेग निम्मा म्हणून पीळ दुप्पट, सु. ७३६ न्यूटन-मीटर होतो. तेथे ६० मिमी. दंडासाठी ३०२० बुश योग्य ठरतो. बुश मावणे व बुशाने पीळ पेलणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत. दुसरी कसोटी निर्मात्याच्या तक्त्यावरून पाहावी, व ती न पाहणे ही निवडीतील सर्वांत महाग चूक होय. तिसरी कसोटी दातांच्या मुळाशी धातू किती उरतो ही. याच साखळीचे १३ दातांचे चक्र घेतले असते, तर त्याचा मुळाचा व्यास सु. ९० मिमी. आला असता आणि ८५·५ मिमी. व्यासाच्या २५१७ बुशाभोवती जेमतेम सव्वादोन मिमी. जाडीची भिंत राहिली असती. असे चक्र आवळतानाच फुटते.

जोडणी : दंड, बुशाचे भोक, बुशाचा बाहेरील शंकू व तुंब्यातील शंकू या चारही पृष्ठभागांवरील गंजरोधक तेल, ग्रीज, रंग व धूळ पूर्णपणे काढून टाकावी. येथे कारखान्यांतील एक सवय आड येते. प्रत्येक सुटा भाग रॉकेलने धुण्याची रीत आहे, आणि रॉकेलने पुसलेला पृष्ठभाग स्वच्छ दिसला तरी त्यावर तेलकट पापुद्रा राहतो. म्हणून शेवटचा हात लवकर उडून जाणाऱ्या द्रावकाने व कोऱ्या फडक्याने फिरवावा. दंडावरील खरवड व खाचेच्या कडांचे कंगोरे कानसेने काढावेत.

शंकूला तेल लावल्यास बुश सहज सरकतो, म्हणून ते हिताचे वाटते. प्रत्यक्षात सांधा त्यानेच धोक्यात येतो. स्थूल हिशोब असा : २५१७ बुशात अर्ध्या इंचाचे दोन स्क्रू असतात. प्रत्येक ५० न्यूटन-मीटरने आवळला तर दोघांचे मिळून बुशावर अक्षाच्या दिशेने सु. ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या आसपास बल येते. ४° चा उतार व ८·५° चा घर्षण कोन धरल्यास पाचरीमुळे हे बल साधारण साडेचार पट होऊन दंडास सभोवार आवळते. ५० मिमी. दंडावर या आवळणीचे घर्षण एकटेच सु. ६५० न्यूटन-मीटर पीळ पेलते. वरील उदाहरणात गरज ३६८ ची आहे. तेल लावल्याने घर्षण गुणांक ०·०८ पर्यंत उतरला, तर त्याच आवळणीने तुंब्यावरील फाकविणारे बल दीडपट होते. पोलादी तुंबा ते कदाचित सोशील. पुष्कळ चक्रांचे तुंबे व बुश बिडाचे असतात आणि बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. तुंब्याच्या कड्यात तर निव्वळ ताणच असतो. दंड व भोक यांच्यामध्ये तेल राहिले तर याच्या उलट, पकड कमी होऊन चक्र घसरते. म्हणजे शंकूवरील तेलाने तुंबा फुटतो आणि दंडावरील तेलाने पकड सुटते. तेल लावावयाचे ते फक्त स्क्रूंच्या आट्यांना व टोकांना. तेथे ते नसेल तर मोजलेला पीळ घर्षणातच खर्च होतो आणि बुशापर्यंत पोहोचत नाही.

बुश तुंब्यात ठेवून भोके जुळवावीत. जुळवायची ती भोके, आटे नव्हेत, कारण एका अर्ध्या भागात आटे नसतातच. आटे असलेल्या अर्ध्या भागासमोर गुळगुळीत अर्धा भाग आला म्हणजे जुळणी बरोबर. स्क्रू बोटांनी सैल बसवून चक्र व बुश एकत्रच दंडावर सरकवावे. चावी समांतर प्रकारची असावी. ती खाचेत दोन्ही बाजूंनी नीट बसावी, परंतु तिच्या माथ्यावर थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. माथा टेकला तर बुश सर्व बाजूंनी सारखा मिटू शकत नाही, एकाच जागी दाब येतो आणि जुन्या ठोकलेल्या चावीचे सर्व दोष नव्या बुशात परत येतात. जुन्या कप्पीतील निमुळती चावी ‘फुकट जाऊ नये’ म्हणून येथे वापरणे सर्वस्वी चूक होय. उंच चावीचा माथा घासून कमी करावा, बाजू घासू नयेत.

दोन्ही चक्रांच्या बाजू एका पातळीत आहेत की नाही हे सरळ पट्टीने, व अंतर जास्त असल्यास ताणलेल्या दोरीने पाहावे. दोन्ही दंड समांतर असणे ही त्याआधीची अट आहे; दंड तिरके असतील तर चक्रे सरकवून काही साधत नाही. त्यानंतर स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. आवळताना बुश दंडास धरतो व तुंबा त्यावर चढतो, त्यामुळे चक्र अक्षाच्या दिशेने किंचित सरकते. पहिल्या आवळणीनंतर पातळी पुन्हा तपासली नाही तर आधीची तपासणी व्यर्थ जाते.

आवळणीचा पीळ बुशाच्या मापानुसार ठरलेला असतो : १६१० साठी सु. २०, २०१२ साठी ३०, २५१७ साठी ५० व ३०२० साठी ९० न्यूटन-मीटर. यासाठी पीळ दाखविणारा पाना वापरावा. ॲलन पान्यावर नळीचा तुकडा चढवून लोंबकळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिने लहान बुश फुटतात आणि मोठे बुश अपुरे आवळले जातात, कारण हाताला दोहोंतला फरक कळत नाही. ठरलेला पीळ आल्यावर बुशाच्या जाड टोकावर लाकडाचा ठोकळा किंवा मऊ धातूची नळी ठेवून हलके ठोके द्यावेत. त्यामुळे बुश शंकूत नीट बसतो व स्क्रू किंचित सैल होतात; ते पुन्हा आवळावेत. ठोकूनही स्क्रू फिरेनासा होईपर्यंत ही क्रिया दोन-तीनदा करावी लागते. हातोडीचे काम एवढेच, आणि ती थेट बुशावर किंवा दातांवर मारू नये. रिकामी राहिलेली भोके ग्रीजने भरावीत, नाहीतर त्यांत कोळशाची भुकटी घट्ट बसते व पुढे चक्र काढावयाच्या वेळी स्क्रू आत जात नाही. यंत्र भाराखाली अर्धा ते एक तास चालवून, थांबवून, स्क्रू पुन्हा तपासावेत. उत्पादन सुरू झाल्यावर यंत्र थांबविण्यास कोणी तयार नसते, म्हणून ही शेवटची तपासणी सर्वाधिक टळते. मात्र आवळणीतील घट बहुतेक याच पहिल्या तासात होते.

आडव्या चालनात साखळीची सैल बाजू खाली ठेवून मधोमध तिचा झोळ दंडांतील अंतराच्या सु. २ टक्के असावा. ती तंतूवाद्याच्या तारेसारखी ताणल्यास धारव्यांवर विनाकारण भार पडतो. चक्र दंडाच्या टोकाशी न बसविता धारव्याच्या शक्य तितके जवळ बसवावे.

काढणे : सर्व स्क्रू काढून त्यांपैकी एक (मोठ्या बुशात दोन) तेल लावून काढण्याच्या भोकात घालावा व बुश सैल होईपर्यंत आवळावा. बुश सुटताना चक्र एकदम मोकळे होते. ते जड असल्यास आधीच दोरीने टांगून ठेवावे.

देखभाल : नागपूरकडे मे महिन्यात हवेचे तापमान ४५° से. च्या वर जाते, तर हिवाळ्यात पहाटे ते १०° से. च्या खालीही उतरते. इतक्या फरकात एकच तेल वर्षभर पुरत नाही. साधारण ५° ते ४०° से. पर्यंत एसएई ३० व त्यावरील उन्हाळी तापमानास एसएई ४० दर्जाचे तेल सुचविले जाते. तेल कड्यांच्या पट्ट्यांमधील फटींत पोहोचले पाहिजे, कारण झीज खीळ व बुश यांमध्ये होते. बाहेरून थापलेले जाड ग्रीज तेथवर जात नाहीच, उलट कोळशाची किंवा मँगॅनीजची धूळ धरून त्याची घासणारी लुगदी बनते. उघड्यावरील चालनास धूळरोधक पेटी हा खर्चिक वाटणारा पण शेवटी स्वस्त पडणारा उपाय आहे.

चालत्या साखळीजवळचे अपघात गंभीर असतात. साखळी चक्रावर चढते ती जागा बोटे व कपडे ओढून घेते. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या एकविसाव्या कलमाने अशा भागांभोवती पक्के संरक्षक आवरण ठेवण्याचे बंधन घातले होते. स्क्रू तपासण्यापूर्वी चलित्राचा विद्युत् पुरवठा तोडून तो कुलूपबंद करावा. कोळसा भरलेला चढता पट्टावाहक वीज बंद असतानाही भाराने मागे फिरू शकतो, म्हणून पट्टा रिकामा करावा किंवा अडकवून ठेवावा.

खिळींच्या झिजेमुळे साखळी लांबते. मूळ लांबीच्या सु. २ टक्के वाढ झाल्यावर ती बदलावी. ३ टक्क्यांपलीकडे चालविल्यास रूळ दातांच्या टोकांकडे चढू लागतात व चक्रही खराब होते. मोठ्या चक्राला जितके दात अधिक तितकी ही मर्यादा आणखी खाली येते. दात आकड्यासारखे वाकलेल्या चक्रावर नवी साखळी चढविल्यास ती अल्पावधीत जुनीसारखी होते. एकाच दिशेने फिरणाऱ्या चालनात दातांची एकच बाजू झिजते. अशा वेळी झीज फार नसेल व दंडावर जागा असेल, तर चक्र व बुश एकत्र उतरवून उलट्या बाजूने बसवितात आणि दातांची न झिजलेली बाजू कामास लावतात. मात्र बाजू उलटल्याने स्क्रूंची डोकी धारव्याकडे येतात. तेथे पाना फिरविण्यापुरती मोकळी जागा आहे की नाही, हे चक्र उतरविण्यापूर्वीच मोजून पाहावे लागते.